पाऊण भरलेली बादली

३ तारीख, सोमवार

पोचले एकदाची! दोन बॅगा, एक ध्वनिमुद्रक, एक स्पीकर आणि गोणपाटात बांधलेला माझा सगळा खणखणाट. टॅक्सीवाल्याने डिकी लावता लावता विचारलं, भांड्यांचं दुकान टाकताय का ताई. म्हटलं, रेडिओच्या नाटकांना आवाज देते. माझा नव्हे, वस्तूंचा. सुपात तांदूळ घोळवले की पाऊस, करवंट्या आपटल्या की घोडा, आणि कुणाचं हाड मोडायचं असेल तर कच्चं गाजर. उतरेपर्यंत तो आरशातून माझ्याकडे बघत होता. बघू दे मेल्याला.

खोली झकास आहे. वरचा मजला, सिमेंटची गुळगुळीत जमीन, उंच छत, रस्त्याकडे एक खिडकी. आत शिरल्या शिरल्या टाळी वाजवून पाहिली. छान घुमते. घरमालक दारात उभे होते, त्यांना वाटलं मी खोली आवडली म्हणून टाळ्या पिटतेय. तेही खोटं नव्हतं.

काका म्हण, म्हणाले. साठीच्या पुढचे, शिडशिडीत, हळू बोलणारे. मी नको नको म्हणत असताना जड बॅग त्यांनीच वर आणली, आणि ठेवली इतकी अलगद की आतलं एक भांडं वाजलं नाही. काकू गोल, गोऱ्या, तोंडाचा पट्टा अखंड चालू. त्यांची मुलगी लग्न होऊन लांब गेली, तिची ही खोली. गरमागरम जेवायला वाढलं. मी लाजले नाही, दोनदा भात घेतला.

खरं काम कुणाला सांगायचं नाही अशी अट आहे, म्हणून रेडिओ नाटकासाठी आलेय एवढंच सांगितलं. आईला फोन करून जागा चांगली मिळाल्याचं कळवलं. आई म्हणाली, अनोळखी गावात जास्त बडबड करू नकोस. कुणाला सांगतेय!

४ तारीख, मंगळवार

सकाळी दहाला आयोगाची गाडी आली. मागच्या सीटवर आधीच एकजण बसले होते, खिडकीकडची जागा सोडायला तयार नाहीत. तो शिंपी. साक्षीदार आहे. रोज आधी त्याला घेणार, मग मला. मी काय करते ते कळल्यावर म्हणाला, मग माझ्या मशीनचा आवाज काढून दाखवा. मी जीभ टाळूला लावून काढला. तो म्हणाला, तेल घालायला झालंय तुमच्या मशीनला. जमणार आमचं.

चौकशी आयोग एका जुन्या बँकेच्या इमारतीत बसतो. कैद्यांची बाजू मांडणाऱ्या वकीलबाईंनी सगळं एका दमात सांगितलं. युद्धात या गावाबाहेर छावणी होती. पकडलेली माणसं तिथे ठेवायचे. बाहेरची राखण सैन्याची, आतला कारभार एका ठेकेदार कंपनीचा. माणसाला भिंतीकडे तोंड करून, हात मागे बांधून उभं करायचे, डोक्यावर पिशवी चढवून एका खोलीत न्यायचे, आडवं बांधायचे आणि पिशवीवर पाणी ओतायचे. बोलेपर्यंत. काहींना बोलण्यासारखं काही नव्हतंच. शिंप्याचा गुन्हा काय, तर दुकानात दोन्हीकडच्या शिपायांच्या पँटी दुरुस्तीला आल्या होत्या.

आता सैन्य म्हणतं, खोली कंपनीची. कंपनी म्हणते, हुकूम सैन्याचा, आणि मुळात अशी खोलीच नव्हती. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर, आणि डोकी दोन्ही शाबूत.

कैद्यांनी पाहिलं काहीच नाही. ऐकलं मात्र सगळं. पाणी घेऊन येणारा माणूस नेहमी एकच असायचा आणि कधीही बोलायचा नाही. त्याला त्यांनी नाव ठेवलं होतं पाणक्या. तीन साक्षीदार आहेत, एकमेकांना न भेटलेले. तिघांनी पाणक्याचा एकच आवाज ओळखला तर खोली होती हे आयोग मानणार. शेवटची सुनावणी पुढच्या शुक्रवारी. तोपर्यंत जमलं नाही तर फाइल बंद. वकीलबाईंनी बजावलंय, काम इथेच करायचं, घरी काही न्यायचं नाही.

६ तारीख, गुरुवार

जमत नाहीये. शिंपी सांगतो तसं करते. पत्र्याची बादली ठेवली, कडी पडली, मग पत्र्याचा मग. तो डोळे मिटून ऐकतो आणि मान हलवतो. हा नाही. मोठा करू? हो, मोठा असायचा, फार मोठा. मोठा केला. हा नाही. लहान करू? नाही नाही. बिचारा माझ्याकडे ओशाळून बघतो, जणू शर्टाचं माप त्यानेच चुकवलंय. बाकीच्या दोघांचंही तेच.

त्यात कार्यालयात खाली जाजम. जाजमावर बादली म्हणजे उशीवर बादली. वैतागून मी आज बादली गोणपाटात घालून घरी आणली. वकीलबाईंना कळलं तर माझी धडगत नाही. पण इथली जमीन अगदी शिंप्याने सांगितली तशीच आहे, त्याला मी काय करू?

समोरच्या घरातली बाई कपडे वाळत घालताना ओरडून विचारू लागली, काय फोडताय हो एवढं. मी काही बोलायच्या आत काकांनी खालून सांगितलं की ही रेडिओवाली आहे, आवाज आले तर घाबरू नका. मग तिने फर्माईशच केली, एक किंकाळी मारून दाखवा. मारली. चांगली पोटातून. गल्लीत चारजणांनी टाळ्या वाजवल्या. मला अशा लोकांचं फार अप्रूप वाटतं.

संध्याकाळी चहाला बसले तेव्हा काका म्हणाले, युद्धात तेही छावणीत कामाला होते, कंपनीच्या स्टोअरमध्ये. घोंगड्या, साबण, असलं. या गावात दर तिसऱ्या घरातलं कुणीतरी तिथे होतं. छावणी होती म्हणून चुली पेटल्या, काकू म्हणाल्या. मी पुढे काही विचारलं नाही. बडबड करू नकोस.

९ तारीख, रविवार

आज सुटलं एकदाचं! लिहिताना हात खूश आहे.

दुपारभर बादली ठेव, कडी टाक, पत्र्याचा मग आपट. ध्वनिमुद्रक चालूच होता, मी तो सरावाला कधी बंद करत नाही. चुकून जे चांगलं येतं ते पुन्हा येत नाही म्हणून. तेवढ्यात काका वर आले. दारातच उभे. मला वाटलं, झोपमोड झाली म्हणून रागावणार. तर विचारू लागले, हे कशासाठी. मी म्हटलं, नाटकात एक तुरुंग आहे, तिथे एकजण पाणी घेऊन येतो. ते थोडा वेळ बादलीकडे बघत राहिले. सुरातली चूक ऐकून कुणाचं तोंड वाकडं होतं ना, तसं झालं होतं त्यांचं.

"कडी पडत नाही," ते म्हणाले. "ती टेकवतात."

मग स्वतःच गुडघ्यावर बसले. बादलीतलं पाणी थोडं ओतून पाऊण ठेवलं. पूर्ण भरली की हिंदकळते, अर्धी असली की बोंबलते, म्हणाले. उचलली, दारापर्यंत गेले, आले, ठेवली. कडी दोन बोटांनी धरून काठावर टेकवली. पत्र्याचा मग पाण्यात बुडवून वर काढला आणि त्याचा तळ बादलीच्या काठावरून सावकाश एक फेरी फिरवला. थेंब जमिनीवर पडू नयेत म्हणून. सगळं मिळून किती लहान आवाज! मी आठवडाभर वेड्यासारखी आदळआपट करत होते. जाताना त्यांनी जमिनीवर सांडलेलं पाणी स्वतःच्या खांद्यावरच्या पंच्याने पुसलं.

काय कान आहे माणसाचा. मी तसं म्हटलंही. ते लाजले.

१० तारीख, सोमवार

काकांचं बोलणं कापून फक्त आवाज शिंप्याला ऐकवला. डोळे मिटलेले. बादली. कडी. पत्र्याचा मग फिरला.

त्याने डोळे उघडले नाहीत. मग त्याने एकदम हळू, वकीलबाईंनाच विचारल्यासारखं विचारलं,

"तो पलीकडच्या खोलीत आहे का?"

वकीलबाईंनी नाही म्हटलं, हे नुसतं यंत्र आहे म्हटलं, दार उघडून पलीकडची रिकामी खोली दाखवली. त्याचा विश्वास बसेना. त्याने खुर्ची भिंतीला लावून घेतली आणि दुपारभर तिथेच बसला. पाणी पुढे केलं तर नको म्हणाला. एवढा आवाज लहान असायचा हे त्याच्या लक्षातच नव्हतं. वकीलबाई म्हणाल्या, भीतीला आवाज मोठा वाटतो.

कंपनीच्या वकिलाने फार अदबीने मला विचारलं, शुक्रवारपर्यंत येत नव्हतं ते दोन दिवसांत कसं आलं. मी म्हटलं, सराव केला. बादली घरी नेल्याबद्दल बोलणी बसतील म्हणून असं म्हटलं. तेवढंच डोक्यात होतं. खरंच तेवढंच होतं.

गाडीत बसल्यावर मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

स्टोअरमध्ये घोंगड्या होत्या. साबण होता. मगाचा तळ काठावरून फिरवतात हे काकांना कुठून कळलं?

११ तारीख, मंगळवार

काल मी घरी शिरले तर काका फाटकात. जमला का आवाज, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, दिग्दर्शकाला आवडला नाही. ते म्हणाले, जमायला हवा होता. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

आज उरलेल्या दोघांनीही तोच आवाज ओळखला. खोली होती, आयोगाने मान्य केलं. वकीलबाईंनी टेबलावर थाप मारली. आणि कंपनीचा वकील शांतपणे उठून म्हणाला, मान्य. खोली होती, बादली होती. पण तिथे कोण जायचं ते आम्हाला माहीत नाही, त्या काळचे सगळे कागद आगीत गेले. नाव नसेल तर शिक्षा कुणाला देणार? बादलीला? दोघं-तिघं हसलेही.

शिंपी गाडीत म्हणाला, मला त्याला फाशी वगैरे नकोय. तो माणूस आहे आणि त्याचं नाव आहे एवढं लोकांनी ऐकावं. नाहीतर म्हणतात, स्वप्न पडलं असेल.

नाव मला माहीत आहे. फाटकावरच्या पाटीवर आहे.

पण असंही असेल ना, की काकांनी कुणाला तरी करताना ऐकलं असेल. भिंतीपलीकडून. स्टोअर शेजारी असेल. मी किती वेळा स्वतःला हे सांगितलं आज. ज्यांनी माझी बॅग उचलली त्यांच्याबद्दल असं मनात आणायची लाज वाटते, आणि दाराला कडी लावल्याशिवाय झोपही येत नाही. लाज आणि भीती एकाच ताटात.

१२ तारीख, बुधवार

जेवताना आज लक्ष ठेवलं. काकूंचा पट्टा चालू होता. काका हात धुवायला मोरीत गेले, मोरीत मग वाजला. काकूंचं बोलणं वाक्याच्या मध्ये थांबलं. घास तोंडात, चावणंही थांबलं. काका परत येऊन बसले तसं वाक्य जिथे तुटलं तिथून पुढे चालू. त्यांना स्वतःला हे कळत नसावं.

भांडी आवरताना मी विचारलंच. काका छावणीत नक्की काय करायचे? काकूंनी ताट विसळलं, पुन्हा विसळलं. मग म्हणाल्या, तिथून आल्यापासून ते घरात कुणाला पाणी भरू देत नाहीत. दुसऱ्याने भरलं की सांडतं म्हणतात. एवढंच. मग माझ्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, माणूस वाईट नाही गं, माझ्यावर कधी आवाज चढवला नाही.

मी विचारायला नको होतं. तो मगाचा आवाज त्यांनी नवऱ्याच्या हातून इतकी वर्षं ऐकलाय. त्या माझ्या बाजूने कशा असतील?

१३ तारीख, गुरुवार

आज आयोगाला सुट्टी. गच्चीवर जाऊन वकीलबाईंना फोन केला. सगळं सांगितलं, बादली घरी आणली तेही. शिव्या दिल्या नाहीत. काकांचं बोलणं अजून ध्वनिमुद्रकात आहे का एवढंच विचारलं. आहे. मग म्हणाल्या, त्याच्यावरून नजर हलवू नकोस, उद्या ते घेऊन तू स्वतः साक्षीला उभी राहायचंस. नुसतं यंत्र पुरणार नाही. त्या तालुक्याबाहेर आहेत, सकाळी दहाला गाडीतून स्वतः येतील. तोवर जे घडेल ते घडेल तसं लिहून ठेव, म्हणाल्या.

मी म्हटलं, हो.

दुपारी वाटलं, आत्ताच निघावं. बॅग नको, फक्त ध्वनिमुद्रक. जिन्याच्या खालच्या पायरीवर काका बसलेले, चपलेचा अंगठा शिवत. कुठे निघालीस. दुकानात. काय हवंय, काकू आणेल. उठले नाहीत. हसून बोलले, पण उठले नाहीत. मी वर आले.

संध्याकाळी काकू आल्या. बहिणीला फोन करायचाय म्हणून माझा मोबाइल घेऊन गेल्या.

अजून आणून दिला नाही. दोनदा हाक मारली. हो हो, आणते म्हणाल्या.

काकूंनी सांगितलंय काकांना. मी विचारलं ते.

१४ तारीख, शुक्रवार

उजाडलं. दार बाहेरून लावलंय.

आधी वाटलं अडकलंय. खांदा लावला. नाही. लावलंय.

काका जिन्यात आहेत. दारापलीकडे. खुर्ची आणून बसलेत. आवाज न करता आणली, पण मी आवाजांचंच खाते. ध्वनिमुद्रक दे म्हणतात. दाराच्या फटीत बसेल एवढाच आहे, सरकव, मग दार उघडतो, चहा पी आणि जा. रागावलेले नाहीत. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, बरं. विचार कर.

मी खिडकीतून ओरडले. वाचवा म्हणाले. समोरची बाई कपडे वाळत घालत होती— तिने हात हलवला. हसली. छान जमलंय म्हणाली.

पुन्हा ओरडले. घशात रक्ताची चव आली. ती घरात गेली.

काका पलीकडून बोलताहेत. सगळं सांगताहेत, न विचारता. हुकूम साहेबाचा. कंपनीने शिकवलं. पगार वेळेवर. इतर लोक धसमुसळे होते, त्यांच्या हातून माणसं गेली. मग—

"बाळा, मी वेळेवर थांबायचो. हे मात्र कुणी सांगत नाही."

त्यांच्या आवाजात रडू होतं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मला ते नको होतं. नको होतं मला—

गाडी. हॉर्न.

वकीलबाई उतरल्या. शिंपी आत, खिडकीशी. काकू फाटकात गेल्यात. ऐकू येतंय— ती पहाटेच गेली म्हणतात. घाईत होती, सामान नंतर नेईन म्हणाली. किती सहज. वकीलबाई घड्याळ बघतात. घराकडे बघतात. मी हाका मारतेय, घशातून फक्त हवा— आवाज गेलाय माझा. माझा आवाज!

गाडीत बसताहेत—

स्पीकर. खिडकीत ठेवला. पूर्ण मोठा. न कापता. आधी काकांचं बोलणं, नंतर बादली. कडी. मग.

गल्लीभर गेला.

पुन्हा लावला.

गाडीचं दार उघडलं. शिंपी उतरला. वर बघितलं नाही. चालत कुंपणाशी गेला, भिंतीकडे तोंड केलं. हात मागे. मनगटावर मनगट. बांधलेलं काही नाही. तसाच उभा. भर रस्त्यात— अरे देवा, हे मी काय केलं त्याला—

वकीलबाई त्याच्याकडे बघताहेत. आता वर. मला बघितलं. कळलं. कळलं त्यांना! फाटकाकडे धावताहेत. काकू फाटक सोडत नाहीत—

बंद केला मी. बटण बंद. वायर ओढून काढली. बघा शिंपीदादा, बंद केला, वळा—

वळत नाही.

त्याला अजून ऐकू येतंय.

मलाही.

जिन्यात. बादली ठेवली. दाराला लागून. कडी पडली नाही, ती टेक—